यादीत असणे आणि यादीत नसणे : स्टार्ट मेनूचा इतिहास आणि वर्ध्याचे दोन धडे

मराठीतला ‘यादी’ हा शब्द ‘याद’ म्हणजे स्मरण या फारसी शब्दाशी जोडलेला आहे. जुन्या मोडी दफ्तरांत ‘यादी’ या मथळ्याचे कागद जागोजाग आढळतात. जे विसरून चालणार नाही ते यादीवर घ्यायचे, असा त्यामागचा साधा व्यवहार. इंग्रजीमार्गे आलेल्या ‘मेनू’ या फ्रेंच शब्दाचे मूळ मात्र ‘लहान, बारीक’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आधी बारीकसारीक तपशील, मग पानात वाढायच्या पदार्थांचा तपशील आणि अखेरीस संगणकाच्या पडद्यावर उघडणारी कामांची यादी, असा त्याचा अर्थप्रवास झाला. यादी म्हणजे स्मरण असेल, तर यादीत नसणे म्हणजे विस्मरण. एखादी गोष्ट नष्ट न होताही विस्मृतीत जाऊ शकते, हे साहित्याच्या अभ्यासकाला निराळे सांगायला नको.

प्रस्तुत लेखात विंडोज या प्रणालीतील ‘स्टार्ट मेनू’चा, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातून उघडणाऱ्या त्या यादीचा इतिहास पाहायचा आहे. संगणकाचे तंत्र शिकवणे हा त्यामागचा हेतू नाही. या यादीत काय दिसावे हे कोण ठरवतो, आणि त्या ठरवण्याशी मराठीचा काय संबंध आला, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. वर्धा जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. यंत्रासाठी लिपी बदलावी की लिपीसाठी यंत्र, हा वाद याच भूमीवर एकदा हिरिरीने लढला गेला आहे.

एका बटणाचा जन्म

१९९० साली आलेल्या विंडोज ३.० मध्ये आणि १९९२ च्या ३.१ मध्ये ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ नावाची एक खिडकी असे. तिच्यात प्रोग्रॅमचे गट आणि गटांत चित्रे. नवख्या माणसाला त्या खिडक्यांच्या गर्दीत आपला प्रोग्रॅम कसा सुरू करावा हेच उमगत नाही, असे मायक्रोसॉफ्टला आपल्या चाचण्यांत आढळून आले. त्यावरचा तोडगा म्हणून २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ मध्ये पडद्याच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक बटण आले आणि त्यावर ‘स्टार्ट’ असे लिहिलेले होते. आरंभ कोठून करायचा, हे यंत्र प्रथमच शब्दाने सांगू लागले.

या मेनूच्या रचनेतील एक बाब फार महत्त्वाची आहे. त्यात दिसणारी नावे म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रॅम नव्हेत. ती केवळ खुणा आहेत, प्रोग्रॅमकडे बोट दाखवणाऱ्या. या खुणा संगणकाच्या एका साध्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असत, आणि त्या फोल्डरात भर घालणे, काढून टाकणे, क्रम लावणे हे काम कोणीही करू शकत असे. एखादे चित्र ओढून थेट स्टार्ट बटणावर सोडले की ते मेनूच्या माथ्यावर जाऊन बसे. जुन्या ग्रंथालयातील कार्डांच्या खणाशी याची तुलना करता येईल. कार्ड काढून टाकल्याने पुस्तक फडताळातून नाहीसे होत नाही, परंतु वाचकाची आणि त्याची भेट होण्याची शक्यता जवळजवळ संपते.

पुढील आवृत्त्यांत मात्र या यादीत यंत्राने स्वतः लक्ष घालायला सुरुवात केली. विंडोज २००० मध्ये फारसे न वापरलेले प्रोग्रॅम मेनूतून आपोआप दडवले जाऊ लागले. खालच्या दुहेरी बाणावर टिचकी मारली तरच ते दिसत. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने मेनूचे दोन स्तंभ केले. डावीकडे वरच्या भागात वापरणाऱ्याने स्वतः टाचून ठेवलेले प्रोग्रॅम आणि त्याखाली वारंवार वापरले जाणारे प्रोग्रॅम. खालची यादी यंत्र वापर मोजून तयार करी. तिच्यात मुळात सहा नावे असत आणि ती संख्या शून्यापासून तीसपर्यंत बदलता येई. नकोसे नाव उजव्या टिचकीने काढून टाकता येई. हवेसे नाव ‘पिन टू स्टार्ट मेनू’ म्हणून वर टाचता येई.

म्हणजे एकाच मेनूत दोन तत्त्वे शेजारी नांदत होती. वरचा भाग निवडीचा, खालचा सवयीचा. निवड माणसाची, सवयीची मोजदाद यंत्राची. जे वारंवार वापरले जाते तेच समोर दिसते आणि जे समोर दिसते तेच पुन्हा वापरले जाते, असे हे चक्र आहे. ज्याचा वापर मुळात कमी, त्याला या चक्रात शिरकाव मिळत नाही, जोवर कोणी हेतुपूर्वक त्याला वर आणून टाचत नाही.

यादी न्यायालयात जाते

मेनूतील एका नावाची किंमत किती असते हे अमेरिकेतील एका खटल्याने दाखवून दिले. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी विंडोजमधील ठरावीक चित्रे, फोल्डर आणि स्टार्ट मेनूतील नोंदी काढू नयेत, असे बंधन मायक्रोसॉफ्टने करारात घातले होते. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाने निकाल देताना हे बंधन स्पर्धेला मारक ठरवले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत, एक्सपी बाजारात येण्यापूर्वीच, इंटरनेट एक्स्प्लोररची नोंद मेनूतून हटवण्याची मुभा कंपनीने संगणक उत्पादकांना दिली.

ज्या यादीकडे आपण एक सोय म्हणून पाहतो ती कायद्याच्या भाषेत सत्तेची जागा ठरली, हे या निकालाचे सांस्कृतिक महत्त्व. प्रोग्रॅम कोणता चांगला हा वाद त्यात दुय्यम होता. आरंभाच्या यादीत कोणाला जागा मिळते, हा खरा प्रश्न होता.

मराठी कोठे होती?

आता आपल्याकडे वळू. नव्वदच्या दशकात मराठी संगणकावर आली ती स्वतंत्र प्रोग्रॅमच्या रूपाने. पुण्याच्या सी-डॅकचे ‘आयएसएम’ आणि ‘लीप ऑफिस’, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’, शिवाय ‘आकृती’ ही नावे त्या काळी डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला परिचित होती. हे प्रोग्रॅम विकत घेऊन बसवले की मेनूत त्यांची नोंद दिसे, आणि ती दिसली की त्या संगणकावर ‘मराठी आहे’ असे समजले जाई. यातील बहुतेक फॉन्टांच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक खिचडी दिसे.

दरम्यान एक मोठी घटना फारसा गाजावाजा न होता घडून गेली होती. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड, ‘मंगल’ हा फॉन्ट आणि मराठीचा कळफलक हे प्रणालीतच आले होते. एक्सपीतही ते होतेच. परंतु ते आपोआप चालू नव्हते. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचे, ‘लँग्वेजेस’ या कप्प्यात ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा अशा नावाच्या चौकटीत खूण करायची, मागितल्यास विंडोजची सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि मग कळफलकांच्या यादीत मराठी जोडायची. तेव्हा कोठे टास्कबारवर ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे उगवत.

‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणजे जटिल लिपी, हे नावही विचार करण्याजोगे आहे. पहिलीतल्या मुलाला बाराखडी जटिल वाटत नाही. यंत्राला मात्र ती वाटते, कारण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टंकली तरी त्याच्या आधी दाखवावी लागते, आणि ‘र’ कधी रफार होऊन डोक्यावर बसतो तर कधी पायाशी जातो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर मराठीचा खास आहे. जटिलतेची ही व्याख्या रोमन लिपी गृहीत धरून केलेली होती, आणि त्या व्याख्येमुळे आपली लिपी एका न उघडलेल्या चौकटीत जाऊन बसली.

परिणाम सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील असंख्य तरुणांना संगणकासमोर बसवले. आर्वी, हिंगणघाट, देवळीकडची मुलेमुली माउस धरायला शिकली, पत्रे टंकू लागली. परंतु मराठीत मित्राला लिहायचे तर ते रोमन लिपीत, अशी रीत त्याच वर्षांत रूढ झाली. संगणकावर मराठी येत नाही, हा समज इतका दृढ होता की ती यंत्रातच झोपलेली आहे याची खबर फार थोड्यांना होती. अडचण तंत्राच्या अभावाची नव्हती. मराठी यादीत नव्हती.

वर्ध्याचा पहिला धडा : अ ची बाराखडी

यंत्रासमोर कोणती अक्षरे हाताशी असावीत, हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या पुढ्यात खणांची केस असे. ज्या अक्षराचा वापर अधिक, त्याचा खण मोठा आणि हाताजवळ. क्वचित लागणारी जोडाक्षरे दूरच्या कोपऱ्यात. ती केस म्हणजे वारंवारतेवर बेतलेला मेनूच होता. देवनागरीला लागणाऱ्या खिळ्यांची संख्या रोमनच्या मानाने खूप मोठी असल्यामुळे ती कमी करण्याचे प्रयत्न लोकमान्य टिळकांपासून अनेकांनी केले.

या प्रयत्नांतील सर्वांत धाडसी प्रयोग वर्ध्याशी निगडित आहे. १९३५ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन झाले आणि त्यानंतर काका कालेलकर यांच्या नेतृत्वाखाली लिपिसुधारणेचा विचार सुरू झाला. १९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि तिच्या प्रकाशनांतून ‘अ ची बाराखडी’ वापरात आली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या स्वरांची स्वतंत्र अक्षरे सोडून ‘अ’लाच काना, मात्रा, वेलांटी जोडायची : अि, अी, अु, अू, अे, अै. मराठीत सावरकरांनीही हाच मार्ग पुरस्कारला होता. युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता. ओ, औ, अं ही अक्षरे आपण ‘अ’वरूनच लिहितो, मग इ आणि उ यांनी काय घोडे मारले? शिकणाऱ्याचे श्रम वाचतील, छापखान्याचे खिळे कमी होतील, टंकयंत्रावर देवनागरी सुखाने बसेल.

या प्रयोगामागील तळमळ खरी होती, आणि तिची थट्टा करणे अन्यायाचे ठरेल. निरक्षर देशाला लवकर साक्षर करायचे होते आणि यंत्रे तर तयार मिळत होती ती परक्या लिपीसाठी घडवलेली. तरीही हा प्रयोग टिकला नाही. १९४७ साली उत्तर प्रदेशात नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने अ ची बाराखडी नाकारली. वाचकांच्या डोळ्यांनीही तिला कधी मनापासून स्वीकारले नाही.

पुढे जे घडले ते सुधारकांच्या कल्पनेपलीकडचे होते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली तयार झाली. तिचे १९९१ चे मानक प्रसिद्ध आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. या दोन्हींत इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या प्रत्येकाला स्वतःची जागा मिळाली. जोडाक्षरांचे शेकडो खिळे करण्याची गरज उरली नाही, कारण अक्षरे जोडण्याचे काम यंत्रच करू लागले. इन्स्क्रिप्ट कळफलकात तर डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने आली, आणि उजव्या हाताच्या बोटांखाली प, र, क, त, च ही नित्याची अक्षरे ठेवली गेली. खिळ्यांच्या केसमागचे जुने शहाणपण येथे पुन्हा भेटते. मराठीच्या ‘ॲ’ला २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राच्या वर्णमालेतही ॲ आणि ऑ यांना जागा दिली. तोवर आपण ‘अ’वर चंद्र काढूनच काम भागवत होतो, अ च्या बाराखडीचा तो एक उरलेला अवशेषच म्हणायचा.

यंत्राच्या यादीत बसावे म्हणून भाषा छाटण्यापेक्षा, भाषेला सामावील असे यंत्र घडवणे किंवा त्याची मांडणी बदलणे अधिक टिकाऊ ठरते, हा या इतिहासाचा धडा.

संकलने, संकेतलिपी आणि सवय

साहित्याच्या क्षेत्रातही हाच न्याय दिसतो. परशुरामपंत गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी कविता शाळांतून शिकणाऱ्या पिढ्यांसाठी ते जुन्या काव्याचे प्रवेशद्वार बनले. जे ‘नवनीता’त होते ते पाठ झाले, जे नव्हते ते पोथ्यांत राहिले. पोथ्या जळाल्या नव्हत्या. फक्त वाट त्यांच्याकडे जात नव्हती.

महानुभावांचे उदाहरण त्याहून बोलके आहे, आणि ते आपल्या विदर्भातले आहे. रिद्धपूरच्या परिसरात घडलेले ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातले. मराठी गद्याचा हा आरंभ. परंतु पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या संकेतलिप्यांत ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांसारख्या संशोधकांनी त्यांची उकल करीपर्यंत वाङ्मयेतिहासाच्या यादीत त्यांना जागा नव्हती. एक ग्रंथसंपदा सहा शतके अस्तित्वात होती आणि तरी अभ्यासकांच्या लेखी नव्हती. एक्सपीच्या पोटातील मराठी कळफलकाची अवस्था काही वर्षांपुरती का होईना, याच जातीची होती.

अभ्यासक्रम ठरवणारे आपण सारेच याद्या करत असतो. म्हणून यंत्राच्या यादीकडे आपण अधिक सावधपणे पाहायला हवे.

टाचण्याचा अधिकार

स्टार्ट मेनूचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. २००७ च्या व्हिस्टाने मेनूत शोधाची चौकट आणली. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ ने मेनू आणि बटण दोन्ही हटवून सगळा पडदा रंगीत चौकोनांनी व्यापला. वापरणाऱ्यांची नाराजी इतकी होती की ‘क्लासिक शेल’सारखे, जुना मेनू परत देणारे स्वतंत्र प्रोग्रॅम लोक मुद्दाम बसवू लागले. २०१३ मध्ये ८.१ मध्ये बटण परतले आणि २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० मध्ये मेनूही परतला. परंतु तो परतला तो वापरणाऱ्याने न मागितलेल्या प्रोग्रॅमच्या सूचना बरोबर घेऊन. ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ मध्ये वर टाचलेले प्रोग्रॅम आणि खाली ‘रेकमेंडेड’, म्हणजे यंत्राने शिफारस केलेल्या गोष्टी, अशी मांडणी आली. एक्सपीतल्या ‘निवड’ आणि ‘सवय’ यांच्या सोबतीला आता ‘शिफारस’ हे तिसरे तत्त्व आले आहे. त्यात मोजणारा कोण आणि कोणाच्या हितासाठी मोजतो, हे वापरणाऱ्याला सहजी दिसत नाही.

मराठीपुरती स्थिती पुष्कळ सुधारली, हे मान्य केले पाहिजे. आता सीडीची गरज नाही. सेटिंग्जमध्ये भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट मिळतो, आणि २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार रोमन कळांवरून मराठी लिहिण्याचा कळफलकही आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबली की भाषा बदलते. तरीही मराठी ‘जोडावी’ लागते. ती आधीपासून जोडलेली असेलच, असे महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या संगणकाबाबतही गृहीत धरता येत नाही.

वर्ध्याचा दुसरा धडा

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्यातून बुनियादी शिक्षणाची योजना आखली आणि सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. उद्योग हाच शिक्षणाचा पाया मानणाऱ्या या विचारात साधनाला मोठे स्थान होते. टकळी फिरवणाऱ्या मुलाने ती का फिरते, सूत का तुटते हेही समजून घ्यावे, ही अपेक्षा होती. साधन हाताळता येणे आणि साधनावर आपली हुकमत असणे, यांत नई तालीम फरक करत होती.

आपल्या संगणक-शिक्षणात हा फरक पुसला गेला. यादीतील प्रोग्रॅम उघडायला आपण शिकवले. यादी बदलायला शिकवले नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत एकाच नावाने सगळे विद्यार्थी संगणक वापरतात. तेथे एकाची यादी दुसऱ्यासमोर येते, किंवा बदल होऊ नयेत म्हणून यादीला कुलूपच घातलेले असते. यंत्रसामग्री सांभाळणाऱ्याची अडचण समजण्यासारखी आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याने आपल्या हाताने एक नावही यादीत टाचलेले नाही किंवा काढलेले नाही, त्याच्या मनात संगणक ही दुसऱ्याने मांडून ठेवलेली, हात न लावायची वस्तू होऊन राहते. मग तिच्यात मराठी नाही, तर नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. एका प्रतिष्ठित यादीत मराठीचे नाव आले, याचा आनंद सर्वांना झाला आणि तो उचितही आहे. परंतु ती यादी दिल्लीने केली. रोज सकाळी आपण ज्या यंत्रासमोर बसतो त्याची यादी मात्र अजून आपल्या हाती आहे. मराठी विभागाच्या प्रत्येक वर्गाने वर्षारंभी एक तासिका या कामासाठी द्यावी : भाषा जोडावी, मराठी शब्दकोश आणि लेखनाचा प्रोग्रॅम मेनूच्या माथ्यावर टाचावा, न मागितलेली नावे काढून टाकावीत, आणि हे सारे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी करावे. पाच-दहा मिनिटांचे हे काम आहे. टकळी हातात देण्याइतकेच ते साधे आहे, आणि जमले तर तितकेच दूरवर जाणारे.